सरासरीच्या वर, सरासरीच्या खाली

मागासलेल्या शाळांना अधिक पैसा द्यावा, याबद्दल आज कोणत्याही पक्षाचा जाहीर मतभेद नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो ती शाळा निवडायची कशी, येथे. निवडीचे निकष परिशिष्टात असतात, परिशिष्ट सहसा कोणी वाचत नाही, आणि योजनेचे खरे धोरण नेमके तेथेच लिहिलेले असते.

७ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम श्री’ योजना मंजूर केली. पाच वर्षे, २७,३६० कोटी रुपये, देशभरात साडेचौदा हजार शाळा. एका तालुक्यात वा एका नगरपालिकेच्या हद्दीत फार तर दोन. शाळेने स्वतः संकेतस्थळावर अर्ज भरावयाचा आणि स्पर्धेत उतरावयाचे. ग्रामीण शाळेला किमान ६० टक्के गुण हवेत, नागरी शाळेला ७०. परंतु गुणांच्या आधी एक चाळणी आहे. इमारत पक्की व सुस्थितीत हवी. मुलामुलींसाठी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वीज, ग्रंथालय, खेळाचे साहित्य, अपंग मुलांसाठी उतरता मार्ग हवा. आणि पटसंख्या राज्याच्या सरासरीहून अधिक हवी. थोडक्यात, ज्या शाळेचे बरे चालले आहे तिने मदतीसाठी अर्ज करावा. आजाऱ्याने आधी बरे होऊन मगच दवाखान्याची पायरी चढावी, अशातला हा प्रकार आहे.

परभणी जिल्ह्यात या चाळणीचा अर्थ काय होतो, ते पाहण्यासाठी जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात किंवा गंगाखेड-पालमकडच्या तांड्यांवर जावे. तांड्यावर शाळेच्या वयाची मुलेच वीस-पंचवीस असतील, तर तेथील दोनशिक्षकी शाळा राज्याच्या सरासरीवर कधी जाणार? तिची पटसंख्या हा शिक्षकांचा दोष नव्हे. ते त्या वस्तीचे आकारमान आहे. त्यातही जो पट आहे तो वर्षभर टिकत नाही. शाळांच्या माहितीची गणना ३० सप्टेंबरची तारीख धरून होत आली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर मुलेही कारखान्याच्या फडावर जातात. म्हणजे कागदावर मुले असताना मोजणी होते आणि वर्गात मुले नसताना वर्ष सरते. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. पण वर्षाचे कित्येक महिने ओस पडणाऱ्या शाळेला त्या कारणास्तव अधिक गुण देणारा रकाना अर्जात नाही. मुळात हा अर्ज भरणार कोण? दोन शिक्षकांपैकी एकाला तालुक्याच्या बैठकीला जावे लागले की चार इयत्ता एकाच खोलीत येतात; तेथे संकेतस्थळावर छायाचित्रे चढवण्यास फुरसत कोणाला असते?

याहून गंभीर गोष्ट अशी की, चाळणीतील बहुतेक वस्तू ही शाळेची गुणवत्ता नसून शासनाचे देणे आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पाणी, ग्रंथालय हे सर्व तीन वर्षांत, म्हणजे ३१ मार्च २०१३ पर्यंत, प्रत्येक शाळेत पुरवावयाचे होते. ज्या शाळेत ते पुरवले गेले नाही, तेथे कायदा शासनाने मोडला; आणि स्पर्धेतून मात्र शाळा बाद होते! ऋणकोनेच धनकोला नादार ठरवावे, तसे हे झाले.

महाराष्ट्राला याउलट विचार ठाऊक नव्हता असे नाही. १९८३ साली राज्याने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. सिंचन, रस्ते यांबरोबरच शिक्षणाच्या क्षेत्रातही राज्याची सरासरी काढावयाची, जिल्हा तिच्यापेक्षा किती खाली आहे ते मोजावयाचे आणि तेवढा त्याचा अनुशेष मानावयाचा, ही त्या समितीची रीत. निजामी राजवटीकडून शाळांचे दारिद्र्य वारशाने घेतलेल्या मराठवाड्याला या शब्दाने प्रथमच हिशेब मागण्याची भाषा दिली. तेव्हाही सरासरी होती, आजही सरासरी आहे. तेव्हा सरासरीच्या खाली असणाऱ्याचा पैशावर हक्क होता, आज सरासरीच्या वर असणाऱ्याचा आहे. मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, त्याबरोबर तो हिशेब मांडण्याची जागाही गेली.

गरजेनुसार निवड करता येते, हे केंद्रानेही एकदा दाखवले होते. २००१ च्या जनगणनेनुसार जेथे ग्रामीण स्त्री-साक्षरता ४६.१३ टक्क्यांहून कमी आणि स्त्री-पुरुषांतील तफावत २१.५९ टक्क्यांहून अधिक, ते तालुके शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरले, आणि कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये तेथे निघाली. परभणीतील काही तालुक्यांत ती आली ती या साध्या अंकगणितामुळे. कोणा मुख्याध्यापकाला स्पर्धा जिंकावी लागली नाही. तालुका हे माप मोठे आहे हे खरे. बाजारपेठेच्या गावाची साक्षरता तांड्याची निरक्षरता झाकून टाकते. पण त्यावर उपाय माप लहान करणे हा होता, उलटे करणे नव्हे.

चांगली शाळा दाखवली की शेजारच्या शाळा तिच्यासारख्या होतील, असे समर्थन केले जाते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर नवोदय विद्यालये निघाली तीही असेच सांगून. निवडक मुलांचे त्यात कल्याण झाले, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु नवोदयच्या कुंपणापलीकडच्या जिल्हा परिषद शाळेचे गळके छप्पर त्यामुळे दुरुस्त झाले नाही. १९८१ मध्ये फ्रान्समध्ये समाजवादी सरकार येताच शिक्षणमंत्री अलाँ साव्हारी यांनी उलट मार्ग धरला: दैन्य अधिक असलेले भाग ठरवून तेथील शाळांना अधिक शिक्षक व अधिक निधी. तेथेही अडचणी आल्या. यादीत नाव आले की सुस्थित पालक मुले काढून नेऊ लागले. तरीही दुर्बल शाळेने आधी सबल होऊन दाखवावे, अशी अट तेथे कोणी घातली नव्हती.

परभणीतील कार्यकर्त्यांना या बाबतीत कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेची पटसंख्या, खोल्या, पाणी, वीज, शिक्षक यांची माहिती शासनाच्याच संकेतस्थळावर असते. ती नऊही तालुक्यांसाठी उतरवून घ्यावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना घेऊन प्रत्यक्ष पडताळावी, फडावर जाणाऱ्या मुलांची संख्या त्यात वेगळी नोंदवावी आणि सर्वांत अधिक उणिवा असलेली शाळा सर्वांत वर, अशा क्रमाने यादी लावावी. ग्रामसभेच्या ठरावांसह ती जिल्हा परिषदेपुढे आणि जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावी. शासनाची निवडयादी आणि ही यादी शेजारी ठेवल्यावर दोहोंत किती नावे सामाईक निघतात, हा पहिला प्रश्न विधिमंडळात विचारला गेला पाहिजे.