रोमचे 'पाच चांगले सम्राट' आणि माझी एक जुनी चूक

घराणेशाहीवर वाद सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक दाखला हमखास येतो. रोमच्या पाच चांगल्या सम्राटांनी पोराला गादी न देता लायक माणूस हेरला, त्याला दत्तक घेतलं, म्हणून साम्राज्य भरभराटीला आलं. मग मार्कस ऑरेलियसने पोटच्या पोराला, कमोडसला, गादी दिली आणि सगळं बिघडलं. परवा पुन्हा आला. लाज वाटते सांगायला, पण काही वर्षांपूर्वी हेच उदाहरण मीही एका लेखात ठोकून दिलं होतं. वाचकांनी टाळ्या वाजवल्या. तपासलं मात्र कुणीच नाही, मीसुद्धा नाही.

आता जरा हिशोब बघा. नर्व्हाला मूलबाळ नव्हतं. ट्राजनला नव्हतं. हेड्रियनला नव्हतं. अँटोनायनस पायसला दोन मुलगे होते, पण तो सम्राट व्हायच्या आधीच ते वारले. म्हणजे या चौघांपैकी एकानेही जिवंत मुलाला डावलून परक्याला गादी दिलेली नाही. ज्याला पहिल्यांदा मुलगा उरला, त्या मार्कसने ती मुलालाच दिली. तत्त्व कसलं आणि काय, नाइलाज होता हो!

बरं, दत्तक घेतलेले तरी परके होते का? हेड्रियन हा ट्राजनच्या चुलत नात्यातला, शिवाय ट्राजनच्या भाचीची मुलगी त्याच्या घरात दिलेली. मार्कस हा पायसच्या बायकोचा भाचा, पुढे जावईही झाला. आणि वारस ठरवण्याच्या त्याच धामधुमीत हेड्रियनने आपल्या नव्वदीतल्या मेव्हण्याला आणि त्याच्या तरुण नातवाला मरायला लावलं. ते त्या फॉरवर्डमध्ये नसतं.

नर्व्हाने ट्राजनला निवडलं तेही स्वखुशीने नाही. 97 साली प्रिटोरियन गार्ड, म्हणजे सम्राटाचे स्वतःचे अंगरक्षक, वाड्याला वेढा घालून बसले. आधीच्या सम्राटाचे मारेकरी आमच्या ताब्यात द्या म्हणाले. म्हातारा नर्व्हा काही करू शकला नाही. त्यानंतर लवकरच त्याने जर्मनीच्या सरहद्दीवर फौजा हाताशी असलेल्या ट्राजनला मुलगा म्हणून जाहीर केलं. माणूस लायक निघाला हे खरं, पण निवडताना नजर त्याच्यामागच्या फौजेवर होती.

माझ्या मते दुखणं मुलगा की दत्तक हे नव्हतंच. दुखणं ऑगस्टसपासूनचं. त्याने सगळी सत्ता हातात घेतली, पण राजा म्हणवून घेतलं नाही. म्हणायचा, मी फक्त पहिला नागरिक. आता कागदावर गादीच नाही म्हटल्यावर वारसाचा कायदा कुठून येणार? जावई मार्सेलस वारला, नातू लुशियस आणि गायस वारले, तेव्हा कुठे इ.स. 4 मध्ये सावत्र मुलगा टायबेरियसचा नंबर लागला. पुढे दोनशे वर्षं प्रत्येक मरणानंतर तोच प्रश्न: आता ठरवणार कोण? सिनेट ठरावावर शिक्का मारायची. ठरवायचे तलवारवाले.

आणि त्यांचा दर ठरलेला. 41 साली कॅलिग्युलाला मारल्यावर सिनेट चर्चा करत बसली, तेवढ्यात अंगरक्षकांनी त्याच्या काकाला, क्लॉडियसला, छावणीत नेऊन सम्राट केलं. त्याने माणशी 15,000 सेस्टर्स कबूल केले. 193 मध्ये तर त्यांनी पर्टिनॅक्सला 87 दिवसांत मारलं आणि गादीचा लिलाव मांडला. छावणीच्या आतून पर्टिनॅक्सचा सासरा बोली लावतोय, भिंतीबाहेरून डिडियस ज्युलियानस. आतली बोली माणशी 20,000 वर गेली, बाहेरच्याने 25,000 म्हटलं आणि दार उघडलं. जेमतेम 66 दिवस टिकला. आपल्याकडे लोक 'ग्लॅडिएटर' पिक्चर बघून कमोडसवर बोलतात. खरं तर सिनेमा याच्यावर निघायला हवा होता.

(पिक्चरमधलं ते बापाचा गळा दाबणंही कथाच. मार्कसने मरणाच्या तीन वर्षं आधी, 177 मध्येच, कमोडसला बरोबरीचा सम्राट करून टाकलं होतं. आणि का करू नये? मुलगा बाजूला ठेवून दुसऱ्याला निवडलं असतं, तर त्या दुसऱ्याला पहिल्याच दिवशी त्या मुलाचा काटा काढावा लागला असता. कमोडस वाईट निघाला, पण बापापुढे दुसरा धड रस्ताही नव्हता.)

शेवटी जिंकला सेप्टिमियस सेव्हेरस, डॅन्यूबकाठच्या फौजा घेऊन. गादी तर मिळाली, पण घराणं नाही. मग 195 मध्ये त्याने स्वतःलाच मार्कस ऑरेलियसचा मुलगा जाहीर केलं. मार्कसला जाऊन पंधरा वर्षं झालेली! एका दरबाऱ्याने त्याचं अभिनंदन केलं म्हणतात, वडील सापडले म्हणून. तलवारीने मिळवलेल्यालाही बाप लागत होता. यावरून काय ते समजा.

211 मध्ये मरताना त्याने दोन्ही मुलांना सांगितलं की एकमेकांशी पटवून घ्या, सैनिकांना पैसे द्या, बाकीच्यांची फिकीर करू नका. त्याच वर्षाच्या डिसेंबरात थोरल्याने धाकट्याला आईच्या कुशीत मारवलं, आणि मारून धावला तो थेट छावणीकडे, सैनिकांचा पगार वाढवायला.