डबल सीटसाठी किती सीसीची गाडी? जीएसटीची रेषा, ऊसाच्या ट्रॉल्या आणि पेट्रोलचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतं पाण्याखाली होती. पुढे ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. एकीकडे मोबाइलवर ‘बाइक स्वस्त झाली’ची रील, दुसरीकडे भिजलेला कापूस. अशा वेळी जुनी १०० सीसी विकून मोठी गाडी घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर किती मोठी, हा प्रश्न जालना जिल्ह्यातल्या अनेक घरांत आला असणार.

उदाहरणासाठी जांब समर्थ घेऊ. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. इथून तालुक्याला, कुंभार पिंपळगावच्या बाजाराला, पुढे अंबडला किंवा जालन्याच्या दवाखान्यात जायचं तर दुचाकीवर सहसा दोघं असतात. मागे बायको, आई, नाहीतर कॉलेजला जाणारी मुलगी, आणि मांडीवर पिशवी. कंपनीच्या जाहिरातीतली गाडी मात्र बहुतेक वेळा एकट्याने पळवलेली असते.

३५० ची रेषा नेमकी काय करते?

करापूर्वी १ लाख रुपये किंमत असलेली गाडी आधी १ लाख २८ हजारांना पडायची, आता १ लाख १८ हजारांना पडते. ३५० सीसीच्या वर गेलं की चित्र उलटं होतं. तिथे आधी २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर असा ३१ टक्के कर होता, तो आता ४० टक्के झाला. म्हणजे करापूर्वी १ लाख ८० हजारांची गाडी ३४९ सीसीची असेल तर २ लाख १२ हजार ४००, आणि ३५१ सीसीची असेल तर २ लाख ५२ हजार. दोन सीसीच्या फरकाला ३९ हजार ६०० रुपये.

पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या आणि केटीएम ३९० नेमक्या या रेषेच्या चुकीच्या बाजूला सापडल्या. बजाजने वाढलेला कर त्या वेळी ग्राहकावर टाकला नाही. रॉयल एनफिल्डच्या ३५० गाड्या मात्र ३४९ सीसीच्या असल्याने २२ हजार रुपयांपर्यंत उतरल्या. सोशल मीडियावरचा बहुतेक उत्साह याच गाड्यांभोवतीचा आहे.

खरं तर ३५० ही एकच रेषा नाही. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी वाहन कर ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यापुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्याच्या वर १२ टक्के असा आहे. नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकानुसार १५० सीसीपर्यंत ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, वर जीएसटी वेगळा. १६० सीसीची गाडी घेणारा विम्यापोटी १४९ सीसीवाल्याच्या जवळपास दुप्पट भरतो. शोरूममध्ये ‘ऑन रोड’ आकडा एकदम सांगतात, त्यात हे दिसत नाही.

युरोपातही १२५ सीसीवर रेषा आहे, पण ती लायसन्सची. अगदी कमी वयाच्या नवशिक्याला त्याहून मोठी गाडी चालवू देत नाहीत. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचं लायसन्स एकदा हातात पडलं की १०० सीसीवाला थेट ६५० वर बसू शकतो. आपल्या रेषा अनुभव बघत नाहीत, खिसा बघतात.

दोघांना खरंच किती ताकद लागते?

११२ किलोची १०० सीसी गाडी आणि ६५ किलोचा चालक मिळून १७७ किलो. मागे ६० किलोचं माणूस बसलं की वजन एकदम तिसऱ्या हिश्शाने वाढतं. तरीही सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाने दोघांना घेऊन जायला चाकापाशी साधारण ३ हॉर्सपॉवर पुरतात. चेन-गिअरमधली गळती धरली तर इंजिनाला साडेतीन द्यावे लागतात. स्प्लेंडरसारख्या ९७ सीसीच्या गाडीत ८ हॉर्सपॉवर असतात, म्हणजे निम्म्याहून जास्त शिल्लक. वेग ८० वर नेला की मात्र वारा आडवा येतो आणि चाकापाशीच ६ हॉर्सपॉवरची मागणी होते. मागे माणूस असताना १०० सीसी गाडी ८० ला ‘ओरडते’ ती यामुळे.

चढाची भीती बहुतेकांना वाटते तेवढी खरी नाही. जांबच्या कुणी डबल सीट थेट समर्थांच्या समाधीला, साताऱ्याजवळ सज्जनगडावर जायचं ठरवलं, तर शंभर मीटरला सात-आठ मीटर चढ असलेल्या वळणावर ताशी ४० ने जायला ४ हॉर्सपॉवरच्या आसपास लागतात. गाडी गिअर खाली टाकून, कुरकुरत, पण चढते.

खरी अडचण सपाट रस्त्यावर, घराजवळ आहे. ऊसाचा हंगाम सुरू झाला की अंकुशनगर आणि तीर्थपुरीच्या कारखान्यांकडे ट्रॅक्टर निघतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. अरुंद रस्त्यावर अशा लांबलचक वाहनाला ओलांडताना समोरून दिवे दिसले, तर उपयोगी पडते ती गाडीची एकूण ताकद नव्हे. चालू वेग राखून वर जी शिल्लक राहते, ती.

ही शिल्लक मोजली की सीसीचं गणित बदलतं. ताशी ६० ला डबल सीट १०० सीसीकडे साडेचार हॉर्सपॉवर उरतात. १२५ सीसीच्या नेहमीच्या गाडीत पावणेअकराच्या आसपास हॉर्सपॉवर असतात, तिच्याकडे सात उरतात. इंजिन पावपटीने वाढलं, हातातली शिल्लक दीडपटीहून जास्त झाली. १५० सीसीत १४ हॉर्सपॉवर धरले तर शिल्लक दहा. डबल सीटसाठी मोठं इंजिन घेण्याचा खरा फायदा इथे आहे, आणि त्याचा मोठा भाग पहिल्या पायरीवरच हाती लागतो.

एक गोष्ट सीसीच्या आकड्यात लपते. तीच ताकद इंजिन किती फेऱ्यांवर देतं, हेही महत्त्वाचं. रॉयल एनफिल्डचं ३४९ सीसीचं इंजिन आपला सगळा २७ न्यूटन मीटरचा जोर, म्हणजे टॉर्क, मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर देतं. त्यामुळे मागे कुणी बसलंय हे त्या गाडीला फारसं जाणवत नाही. उलट काही १६०-२०० सीसीच्या ‘स्पोर्टी’ गाड्यांचा जोर फेऱ्या बऱ्याच वर गेल्यावर मिळतो, आणि मागची सीट उंच व निमुळती असते. कागदावर त्या ताकदवान. साडी नेसून बसणाऱ्या बाईला तिथे धड बसताही येत नाही, आणि हे कारण इंजिनाच्या चर्चेत कुणी धरत नाही.

मग थेट ३५० का नको?

ज्याला आवड आहे आणि परवडते, त्याने जरूर घ्यावी. पण ‘कर कमी झाला म्हणून’ घेत असाल तर पेट्रोलचा हिशेब आधी मांडावा. रोज ४० किलोमीटर, वर्षात ३०० दिवस, असे १२ हजार किलोमीटर होतात. लिटरला ६० देणारी १०० सीसी २०० लिटर पिते. ५५ देणारी १२५ सीसी २१८ लिटर. ३५ देणारी ३५० सीसी ३४३ लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर १०० वरून १२५ वर जाण्याचा वर्षाचा खर्च १,९०० रुपये, आणि ३५० वर जाण्याचा १५ हजार. जीएसटीत वाचलेले २२ हजार दीड वर्षात टाकीत जिरतात. पुढे हप्ता चालू राहतो, सर्व्हिसिंग आणि टायर महाग पडतात ते वेगळंच.

वजनही आहे. क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची. पावसाळ्यात शेतरस्त्याच्या काळ्या चिखलात ११२ किलोची गाडी एकटा माणूस पाय टेकत, ढकलत काढतो. १९५ किलोची रुतली तर दुसरा माणूस शोधावा लागतो. मोसंबीच्या बागेपर्यंत डांबर नाही, तोवर हा मुद्दा जाहिरातीपेक्षा मोठा आहे.

१२५ आणि १५० च्या मधली भिंत

इथे पैशापेक्षा ब्रेकचा प्रश्न आहे. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे. त्याखालच्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस यंत्रणा चालते. बाजारातली ‘१२५’ गाडी प्रत्यक्षात १२३ किंवा १२४ सीसीची असते आणि रेषेच्या आतच राहते. डबल सीटला गाडी थांबायला जास्त झगडावं लागतं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाक लॉक होऊ न देणं हे एबीएसचं काम. जून २०२५ मध्ये केंद्राने सगळ्याच दुचाकींना एबीएस आणि खरेदीबरोबर दोन हेल्मेट देण्याचा मसुदा काढला, त्यात एबीएससाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख होती. १२५ सीसीच्या काही गाड्यांत एबीएसचं मॉडेल वेगळं मिळतं. चार-पाच हजार जास्त मागितले तरी दोघांच्या प्रवासाला तेच बघावं.

जांब समर्थसारख्या गावातून रोज दोघं जाणार असतील, तर हिशेब १२५ सीसी एबीएसच्या बाजूने झुकतो. आठवड्यातून दोन-तीनदा जालना गाठायचं असेल, रस्ता मोठा असेल, तर १५० सीसी, पण विम्याच्या रेषेच्या आतली. गाडी ठरवण्याआधी टेस्ट राइड मागे माणूस बसवूनच मागावी. टायरमधली हवा डबल सीटला जास्त लागते, तो आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. मागचा शॉकअॅब्झॉर्बर कडक करायची सोयही बहुतेक गाड्यांत असते. वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावत नाही.

आणि रीलमधली चारचाकी ‘एटीव्ही’?

शेतात धुरळा उडवणाऱ्या या गाड्या पाहून ‘बाइकऐवजी हीच घेऊ, दोघं आरामात बसतील’ असं वाटणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, बऱ्याच एटीव्ही एकाच माणसासाठी बनलेल्या असतात. सीट लांब दिसते ती चालकाला पुढे-मागे सरकून तोल सांभाळता यावा म्हणून. मागे कुणी बसलं की चढावर पुढची चाकं उचलली जाण्याचा धोका वाढतो, इंजिन कितीही मोठं असलं तरी. दोघांसाठीच्या एटीव्हीत चाकांमधलं अंतरच जास्त ठेवलेलं असतं. दुसरी, रस्त्यावर चालवायची तर नोंदणी हवी, आणि बाजारातल्या बहुतेक एटीव्हींना ती मिळत नाही. पोलारिसने २०१९ मध्ये स्पोर्ट्समन ५७० ही ५६७ सीसी, ३४ हॉर्सपॉवरची गाडी भारतात रस्त्यावर आणली, तीही ट्रॅक्टर म्हणून मंजुरी घेऊन. किंमत तेव्हा ८ लाखांच्या घरात होती. नोंदणी नसलेली स्वस्त एटीव्ही घेतली, तर ती बांधापर्यंतच. दवाखान्याला जायला बाइक ठेवावीच लागते.