प्रबंधाला निबंध म्हणू नका!

गेल्या रविवारी वसईला आमच्या सोसायटीत ताईचा सत्कार झाला. पीएचडी मिळाली म्हणून. नोकरी, घर आणि विरार लोकल सांभाळून ६ वर्षं खपली बिचारी. आणि फलकावर काय? 'निबंध लिहून डॉक्टरेट मिळवल्याबद्दल अभिनंदन!' अरे, निबंध 'माझा आवडता पक्षी'वर लिहितात!

तुम्ही म्हणाल, शब्दांचा कीस कशाला काढतोस? मंडळी, ऑफिसात एका व्हेरिएबलचं नाव चुकलं तरी आपण अर्धा तास भांडतो. मग इथेच ढिलाई का?

मराठीत शब्द स्वच्छ आहेत. संशोधनपत्रिकेत छापतात तो शोधनिबंध. एमएसाठी लिहितात तो लघुप्रबंध. पीएचडीचा तो प्रबंध. त्यात स्वतःचं नवं काही मांडावं लागतं आणि परीक्षकांसमोर टिकवावं लागतं.

गोंधळ खरा इंग्रजीत आहे. अमेरिकेत साधारणपणे मास्टर्सचा थिसिस आणि डॉक्टरेटचं डेझर्टेशन. ब्रिटनमध्ये बरोब्बर उलट. बाबासाहेबांचंच बघा. लंडनची डीएससी १९२३ची, विषय रुपयाचा प्रश्न. कोलंबियाची पीएचडी १९२७ची, विषय प्रांतिक अर्थव्यवस्था. तिकडच्या रिवाजाने एक थिसिस, दुसरं डेझर्टेशन. मराठीत दोन्ही प्रबंधच! इतकी नेमकी भाषा हाताशी असून आपण ती वापरत नाही, याचा राग येतो.

ताई हसून म्हणाली, "जाऊ दे रे, निबंध तर निबंध."

तिने जाऊ दिलं. मी नाही देणार. पुढचा फलक छापायच्या आधी मला दाखवायचा, सेक्रेटरीकाकांना सांगून ठेवलंय.