टायरची जन्मतारीख

वेगवान पण वापरलेली मोटार घेण्याची हौस अलीकडे व्यापारी घरांतील तरुणांत वाढली आहे. नव्या साध्या गाडीच्या किमतीत सात-आठ वर्षांपूर्वीची दमदार गाडी मिळते, हा हिशेब खोटा नाही. व्यवहार ठरवताना इंजिनाचा आवाज ऐकला जातो, पत्रा निरखला जातो, किलोमीटर विचारले जातात. टायरांवर मात्र ओझरती नजर पडते, आणि ‘खाचा शिल्लक आहेत’ एवढ्यावर समाधान मानले जाते.

सांगलीच्या हळदपेठेतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. चिरंजीवांनी पुण्याहून २०१७ सालची स्कोडा ऑक्टाविया व्हीआरएस आणली. टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, आणि ती सारी ताकद पुढच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरणारी. गाडी जेमतेम पस्तीस हजार किलोमीटर चाललेली. टायर बदलावेत की नाही, यावर पितापुत्रांत मतभेद झाला.

“टायर अजून गोटा झालेला नाही. मग हा खर्च कशाला?” अण्णांनी विचारले.

“बदलायचेच तर आणखी रुंद घालू, अण्णा. गाडी भारदस्त दिसेल,” चिरंजीव म्हणाले.

दोघांचेही म्हणणे स्वाभाविक होते, आणि दोन्ही चुकीचे.

मोटारीच्या टायरवरील खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. या टायरांच्या खाचा त्याहून बऱ्याच खोल होत्या. परंतु टायर न झिजताही म्हातारा होतो. ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांमुळे रबर हळूहळू कडक होते, बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा उमटतात आणि ओल्या रस्त्यावरील पकड घटते. हौसेच्या गाड्या बहुधा कमी चालतात. म्हणून त्यांचे टायर झिजण्याआधीच जुने होतात, आणि डोळ्यांना ते दिसत नाही.

टायरची जन्मतारीख मात्र त्याच्या अंगावरच कोरलेली असते. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतील शेवटचे चार आकडे पाहावेत. तेथे ३२१७ असे असेल, तर तो टायर २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर खाचा कितीही असोत, टायर बदल, असा अनेक उत्पादकांचा सल्ला आहे. भेगा दिसू लागल्या, तर दहा वर्षांची वाट पाहू नये. दुकानातून ‘नवा’ म्हणून मिळणाऱ्या टायरचेही हे चार आकडे वाचूनच पैसे मोजावेत आणि पक्के बिल घ्यावे.

आता मापाविषयी. २२५/४५ आर १७, पुढे ९४ डब्ल्यू, असे लिहिलेले असेल, तर रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १७ इंच. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो भार आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एवढ्या वेगाने कोणी जाणार नाही, हे खरे. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसेल, याचीही ग्वाही देते. गाडीच्या उत्पादकाने सांगितलेल्या भारांकाखाली आणि वेगाक्षराखाली स्वस्ताईसाठी उतरू नये.

रुंदीचा मोहही आवरावा. त्याच १७ इंची रिमवर २४५/४५ घातला, तर चाकाचा व्यास सुमारे १८ मिलिमीटरने वाढतो आणि वेगदर्शक पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो. शिवाय साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. रिम मोठी करून भिंत बारीक केली, तर खड्ड्यात अलॉय रिमला इजा होण्याची भीती वाढते.

प्रकार निवडताना गाडीचा खरा वापर पाहावा. मऊ रबराचा वेगप्रधान टायर उत्तम पकडतो, पण लवकर झिजतो; प्रवासप्रधान टायर शांत आणि टिकाऊ असतो. या घरची गाडी महिन्यातून दोनदा पुण्यास जाते, मागे आजी आणि नात बसलेल्या असतात, आणि वाटेत भर पावसातला खंबाटकी घाट असतो. तेथे ओल्या रस्त्यावरचा ब्रेक हीच खरी कसोटी. म्हणून मूळ मापाचा, योग्य वेगाक्षराचा, ओल्या पकडीसाठी नावाजलेला प्रवासी टायर या घरासाठी उचित ठरतो.

चारही टायर एकत्र बदलावेत. दोनच घ्यायचे असतील, तर गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी नवे मागे बसवावेत. कारण पाण्यात मागचा भाग घसरला, की सामान्य चालकाला तो सावरत नाही. एका अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या जातींचे टायर नसावेत. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे, आणि हवा टायर थंड असताना, गाडीवरील तक्त्यात दिलेल्या दाबाप्रमाणे भरावी.

सांगलीच्या त्या घरी अखेर चार नवे टायर आले. उतरवलेल्या टायरांना दुकानदाराने बरी किंमत देऊ केली. खाचा शाबूत असल्याने एखादा टॅक्सीवाला ते आनंदाने घेईल, असे तो म्हणाला. अण्णा क्षणभर थांबले.

“जे माझ्या नातीखाली नको, ते दुसऱ्याच्या लेकराखाली कशाला?” असे म्हणून त्यांनी चारही टायर आपल्या डोळ्यांदेखत कापून घेतले आणि मगच बिल चुकते केले. मग चिरंजीवांना डिकी उघडायला सांगितली. स्टेपनीचे चार आकडे वाचायचे राहिले होते.