नोंदवहीतील नाव

गतवर्षी पावसाळा सरता सरता आमच्या शाळेत आरोग्यतपासणी झाली. पथकातील डॉक्टरांनी एकेका मुलाचे दात, डोळे, वजन व रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले, आणि तपासणीचा तक्ता वर्गशिक्षक या नात्याने आमच्या हाती दिला. पालकांस तो लवकर कळावा, कोणाचे औषधपाणी राहून जाऊ नये, या हेतूने आम्ही त्या तक्त्याचे छायाचित्र काढले व वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवून दिले. काम वेळेत उरकले म्हणून आम्ही स्वतःवर थोडे खूषही झालो होतो. त्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात एका मुलीच्या नावापुढे ‘अपस्मार, औषध चालू’ असे तीन शब्द लिहिलेले होते.

चार दिवसांनी ती मुलगी बाकावर एकटी बसलेली दिसू लागली. आठवडा उलटल्यावर तिची आई शाळेत आली. तिने आवाज चढविला नाही की तक्रारीचा अर्ज दिला नाही. मुलीला वर्षभरात एकदाही झटका आलेला नव्हता. घरची चार माणसे व डॉक्टर यांच्यापलीकडे ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती. आमच्या कोकणीत ती एवढेच म्हणाली, “सर, तुमी बऱ्या मनान केलें, पूण आतां तें परत कशें हाडटले?”

ते परत कसे आणणार? फळ्यावर लिहिलेले पुसता येते, भिंतीवर लावलेला कागद काढता येतो. चाळीस घरांत पोहोचलेले छायाचित्र कोठून कोठून काढणार? यंदाच्या अंकासाठी संपादकांनी लेख मागितला तेव्हा आमच्या मनात दुसरेच विषय होते. परंतु लेखणी हाती घेतली की त्या माउलीचा प्रश्न समोर येऊन उभा राही. म्हणून हा लेख.

रोग्यांच्या नोंदी आता संगणकात जात आहेत, आणि त्यांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही माहिती म्हणजे देशाचे धन. ती संशोधकांस मोकळी करून द्या. दुसरा म्हणतो, एक अक्षरही बाहेर जाता कामा नये. दोहोंपैकी कोणत्याही एका पंक्तीस जाऊन बसणे आम्हांस साधत नाही, आणि त्याचे कारण आमच्या सत्तरीच्या रानातच आहे.

माकडताप हा रोग प्रथम ओळखला गेला तो १९५७ साली, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात. रानात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली, आणि शोध घेता घेता गोचिडीतून येणारा विषाणू हाती लागला. पुढे २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे दिसला. काजूचा हंगाम व या रोगाचा हंगाम जवळजवळ एकच. बोंडू गोळा करायला बागेत वाकणाऱ्या माणसास गोचीड चिकटते. आता विचार करा. रानाच्या एका अंगास माकड मरून पडले आणि ती बातमी त्याच अंगाच्या कचेरीतील कपाटात राहिली, तर पलीकडचा बागाईतदार उद्या बेसावधपणे बागेत शिरेल. गोव्याची हद्द कोठे संपते व महाराष्ट्राची वा कर्नाटकाची कोठे सुरू होते, हे गोचिडीस ठाऊक नसते. अशा वेळी माहिती लपविणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

परंतु शेजारच्या राज्यास नेमके काय कळावयास हवे? कोणत्या रानात, कोणत्या आठवड्यात, किती माकडे मेली व किती माणसे आजारी पडली, एवढेच. तापाने पडलेल्या माणसाचे नाव त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरास व त्याच्या घरी विचारपूस करणाऱ्या आरोग्यसेविकेस हवे. पलीकडच्या बागाईतदारास त्याचा काडीइतका उपयोग नाही. रोगाची वार्ता सर्वांची असते. रोग्याचे नाव त्याचे स्वतःचे असते.

हे दोन धागे एकमेकांत गुंतले की काय होते, ते आमच्या गोव्याने एकदा पाहिले आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत बार्देशातील पर्रे गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी बोलावून घेतले. गुन्हा काही नव्हता. तो नित्यनेमाने रक्तदान करी, आणि त्याने दिलेल्या रक्तात एच्‌आयव्हीचा विषाणू आढळला होता. त्यास स्वतःस आपल्या आजाराची धड कल्पना नसताना ती बातमी पोलिसांपर्यंत पोहोचली होती! तेव्हाच्या आरोग्य कायद्याचा आधार घेऊन म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयात त्यास ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवले, बाहेर पोलिसांचा पहारा. त्याची आई लूसी डिसोझा यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटून आल्यावर डॉमिनिक गप्प बसला नाही. स्वतःचे नाव उघड करून तो अशा रुग्णांच्या हक्कांसाठी झटला व १९९२ मध्ये वारला. या रोगाच्या रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करू नये असे सांगणारा कायदा देशात २०१७ साली झाला व २०१८ च्या सप्टेंबरात अमलात आला. मधल्या काळात किती जणांनी भीतीपोटी रक्त तपासूनच घेतले नसेल, त्याचा हिशेब कोण देणार? गुपित राखले जाईल असा भरवसा नसला की रोगी डॉक्टराकडे फिरकत नाही, आणि रोगी आला नाही की मोकळी करून द्यावयास माहितीच उरत नाही. आमच्या जुन्या वैद्यांस हे कळत होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्यास बजावतो की, रोग्याच्या घरात जे दिसेल ते बाहेर बोलू नकोस.

यावर कोणी म्हणेल, “नावे गाळून टाका म्हणजे झाले!” आम्हीही तसेच समजत होतो. परंतु अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जे घडले ते वाचल्यावर तो समज टिकला नाही. १९९० नंतरच्या दशकात तेथे राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातील नोंदी नावे व पत्ते गाळून संशोधकांस देण्यात आल्या. कोणाचीही ओळख पटणार नाही, अशी ग्वाही खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. लतान्या स्वीनी नावाच्या एका विद्यार्थिनीने वीस डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली व ती त्या नोंदींशेजारी ठेवली. गव्हर्नरांच्या जन्मतारखेची माणसे शहरात सहा. त्यांतले पुरुष तीन. त्या तिघांपैकी गव्हर्नरांच्या टपालविभागात राहणारा एकच. झाले! गव्हर्नरसाहेबांचे रोगनिदान व औषधे तिच्या हाती आली. पुढे तिने अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून हिशेब मांडला, तेव्हा जन्मतारीख, लिंग व टपालविभाग एवढ्या तीन गोष्टींवरून शंभरांतील सुमारे सत्त्याऐंशी माणसे एकेकटी ओळखू येण्याजोगी निघाली.

आमच्या वाड्यावर वीस डॉलरदेखील लागावयाचे नाहीत. ‘अमुक वाडा, स्त्री, वय ७२, क्षय’ एवढे कोणी छापले, की सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर नाव सांगून मोकळा होईल. मुंबईत जी माहिती गर्दीत विरून जाते, तीच काणकोणच्या एखाद्या वाड्यावर बोट दाखविते. २०११ च्या जनगणनेत साऱ्या गोव्याची वस्ती साडेचौदा लाखांच्या आसपास भरली. त्यात एक गाव, एक वय, एक दुर्मीळ रोग असे चाळीत गेलो की चाळणीत एकच दाणा राहतो. म्हणून आमचे मत असे, की आकडे अवश्य द्यावेत. परंतु वाड्यावर रोगी दोनतीनच असतील तर वाड्याचा आकडा देऊ नये, तालुक्याचा द्यावा, आणि जन्मतारखेऐवजी वयाचा गट लिहावा. संशोधकाच्या कामात त्याने थोडी उणीव येईल, हे आम्ही नाकारीत नाही. ती त्याने सोसावी. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या घबराटीत कर्नाटक शासनाने गृहविलगीकरणातील लोकांच्या याद्या घरांच्या पत्त्यांसह प्रसिद्ध केल्या, तेव्हा हेतू वाईट नव्हता. आमचाही नव्हता.

आणि येथे आमच्याच मनातील एक आक्षेप नोंदविला पाहिजे. खेड्यात आजार कधी खासगी नसतो, व त्यातच खेड्याचे मोठेपण आहे. अमक्याकडे कोणी आजारी आहे असे कळले की शेजारीण पेजेचे भांडे पदराखाली घेऊन येते, कोणी रात्री जागायला येतो, कोणी गाडी काढतो. ही सारी दारे लावून घ्यावयाची काय? शहरातील बंद सदनिकेत माणूस गुपचूप आजारी पडतो व गुपचूप मरतो, ते आम्हांस हवे आहे काय? या प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस छळले. मग ध्यानात आले की पेज घेऊन येणाऱ्या शेजारणीस बहुधा घरच्याच माणसाने कुंपणाशी उभे राहून सांगितलेले असते. कोणाला सांगावे, केव्हा सांगावे, किती सांगावे, हे त्याने ठरविलेले असते. आम्ही ते त्या मुलीच्या वतीने ठरवून टाकले.

आता प्रत्येकास चौदा आकड्यांचा ‘आभा’ क्रमांक घेता येतो. २०२१ च्या सप्टेंबरात ही डिजिटल आरोग्याची योजना देशभर सुरू झाली. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे व रुग्णाच्या संमतीनेच नोंदी एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे जाव्यात, असा तिचा नियम आहे. पेडण्याच्या रुग्णास बांबोळीच्या रुग्णालयात जुन्या कागदांची पिशवी न्यावी लागू नये, ही सोय लहानसहान नव्हे. परंतु खिडकीवरील रांगेत उभ्या असलेल्या आजीस कारकून विचारतो, “मोबाइलवर आलेला आकडा सांगा,” आजी तो नातवाकडून वाचवून घेते व सांगते, आणि संमती झाली असे समजतात. कशास संमती, कोणास, किती काळ, हे तिला कोणी सांगत नाही. मागची रांग खोळंबलेली असते. खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी आईबापांची संमती घेण्याचा दंडक घातला. तो तक्ता पाठविताना आम्हांस यांतील एकही ओळ आठवली नव्हती, हे कबूल करावयास हवे.

यंदा तपासणी झाली तेव्हा तक्ता आम्ही कपाटात ठेवला व प्रत्येक मुलाचा कागद निराळ्या लिफाफ्यात घालून पालकांच्या हाती दिला. पुष्कळ वेळ गेला. त्या मुलीची आई आली तेव्हा तिला मागच्या ओसरीवर नेऊन सांगितले की अपस्माराविषयी डॉक्टर समाधानी आहेत, मात्र रक्त थोडे कमी भरले आहे. तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला व ती निघाली. फाटकाशी चार ओळखीच्या बाया उभ्या होत्या. “आमच्या चेडवाचें रगत उणें आसा,” असे तिने त्यांना आपण होऊनच सांगितले. दुसऱ्या सकाळी त्यांच्यापैकी एकीने आपल्या मुलाबरोबर त्या मुलीसाठी तांबडी भाजीची जुडी शाळेत पाठविली होती. मधल्या सुट्टीपर्यंत ती आमच्या टेबलावर पडून होती.