कामाचा संग्रह आणि कामाची कहाणी

कलामहाविद्यालयातून बाहेर पडणारा तरुण एकेकाळी काखेत भलीमोठी फाईल घेऊन मुंबईतील जाहिरातसंस्थांचे उंबरठे झिजवीत असे. फाईल उघडली की तो समोर बसून प्रत्येक चित्रामागचा विचार सांगे. आज त्या फाईलची जागा संकेतस्थळाने घेतली आहे. ते बोलणे मात्र त्यात आलेले नाही. उमेदवार पणजीत, नोकरी देणारा बंगळुरूत, आणि दोघांमध्ये केवळ एक पडदा. नव्या डिझायनरांची अडचण नेमकी येथेच सुरू होते.

आल्तिनो येथील गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून उपयोजित कलेचे विद्यार्थी घडवीत आहे. छोट्या राज्यातील या तरुणांपाशी महानगरांतील ओळखीपाळखी क्वचितच असतात. त्यामुळे संकेतस्थळ हीच त्यांची पहिली मुलाखत ठरते. तरीही अनेक संकेतस्थळे चित्रांची कोठारे होऊन बसतात. पंचवीस-तीस कामे एकापुढे एक मांडलेली असतात. पण प्रश्न काय होता, मर्यादा कोणत्या होत्या आणि गटाच्या कामात उमेदवाराचा वाटा किती, याचा थांगपत्ता लागत नाही.

२०२२ पासून मिडजर्नीसारखी चित्रनिर्मितीची साधने सर्वांच्या हाती आली आणि हा दोष अधिकच महाग पडू लागला. देखणे अंतिम चित्र हा आता कौशल्याचा पुरेसा पुरावा उरलेला नाही. पुरावा असतो तो कच्च्या रेखाटनांत, नाकारलेल्या पर्यायांत आणि ते का नाकारले याच्या कारणांत. म्हणूनच तीस कामांपेक्षा नीट उलगडून सांगितलेली चार कामे अधिक परिणामकारक ठरतात. काम विद्यार्थिदशेतले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. यशाचे काल्पनिक आकडे रचू नयेत. पाच जणांना आराखडा वापरायला देऊन त्यानंतर काय बदलले, एवढे प्रामाणिकपणे सांगितले तरी पुष्कळ झाले.

संकेतस्थळाची बांधणी हेही उमेदवाराचेच काम असते, याचा विसर पडतो. पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. जड चित्रे आणि दीर्घ ॲनिमेशन तेथेच नापास होतात. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ : १ असावा लागतो. फिकट राखाडी अक्षरांत स्वतःचा परिचय देणारा डिझायनर वाचकाच्या सोयीचा विचार करतो, यावर कोण विश्वास ठेवील?

मराठी आणि कोकणी तरुणांच्या हाती आणखी एक भांडवल आहे, ते म्हणजे देवनागरी. 'मंगल' हा फाँट घडविणारे र. कृ. जोशी यांची परंपरा आपल्यासमोर आहे. मुंबईच्या 'एक टाईप'चा 'मुक्त' हा फाँट तर विनामूल्य उपलब्ध आहे. मात्रा, जोडाक्षरे आणि ओळींमधील अंतर यांची जाण असलेला डिझायनर सहजी सापडत नाही. असे असताना काल्पनिक परदेशी कॉफीगृहाचे इंग्रजी बोधचिन्ह कशाला मांडावे? कदंब बसचे वेळापत्रक किंवा पंचायतीचा अर्ज देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत सुवाच्य कसा करता येईल, हा प्रकल्प उमेदवाराची कुवत अधिक चांगली दाखवील.

जबाबदारी एकट्या उमेदवाराचीही नाही. केंद्र सरकारने २००७ मध्ये राष्ट्रीय डिझाईन धोरण स्वीकारले. त्याचे फळ छोट्या राज्यांतील पदवीधरांच्या पदरात पडायचे, तर कामाविषयी लिहिणे आणि बोलणे हा अभ्यासक्रमाचाच भाग व्हायला हवा. नियोक्त्यांनीही निवडीच्या नावाखाली दिवसच्या दिवस विनामोबदला काम करून घेणे थांबवावे. उमेदवाराने विचार खुलेपणाने मांडावा आणि पाहणाऱ्याने तो वाचण्याची तसदी घ्यावी. पूर्वी फाईलच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसे नेमके हेच करीत होती.