हजेरीची सूट आणि हुकलेला तास

विद्यापीठीय खेळाडूच्या अभ्यासाचा प्रश्न आपल्याकडे हजेरीच्या रकान्यात सोडविला जातो. संघाबरोबर परगावी गेलेल्या विद्यार्थ्याचे दिवस उपस्थितीत धरले, ७५ टक्क्यांची अट कागदोपत्री पुरी झाली, की सर्वांचेच कर्तव्य संपते. हुकलेले व्याख्यान मात्र हुकलेलेच राहते.

अतिथी प्राध्यापक म्हणून मी सध्या जेथे शिकवितो, तेथील माझ्या साहित्याच्या वर्गात एक कबड्डीपटू विद्यार्थिनी आहे. तिला वस्तुतः रसायनशास्त्र घ्यावयाचे होते. परंतु प्रात्यक्षिके दुपारी दोन ते पाच आणि सराव चार वाजता. ‘खेळ की प्रयोगशाळा, एकदा ठरव,’ असे तिला सांगण्यात आले आणि ती साहित्याकडे वळली. मुलगी बुद्धिमान आहे. लाभ माझ्या वर्गाचा झाला, हे कबूल केले पाहिजे. तरीही साहित्य हा मैदानावरून येता-जाता उरकण्याचा विषय आहे, हे यामागील गृहीत मला डाचते. तिचा विषय तिच्या आवडीने नव्हे, वेळापत्रकाने निवडला.

अशा वेळी रॉजर बॅनिस्टरचा दाखला हमखास दिला जातो. १९५४ साली एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत धावणारा हा पहिला धावपटू वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्या दिवशीही सकाळी लंडनच्या रुग्णालयात काम करूनच तो ऑक्सफर्डला गेला. खरे आहे. पण त्याचा सराव दुपारच्या सुट्टीत आटोपण्याजोगा होता. कबड्डीला सात जणांचा संघ लागतो, आणि आंतरविद्यापीठ सामन्यांसाठी आगगाडीचा प्रवास वेगळाच.

२०२१ पासून आपल्याकडे श्रेयांक साठविण्याची ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था आहे. मिळविलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहू शकतात. मग सामन्यांच्या सत्रात खेळाडूने तीनच अभ्यासपत्रिका घ्याव्यात, उरलेल्या पुढे पुऱ्या कराव्यात, यास अडचण कोणती? प्रात्यक्षिकांची आणखी एक तुकडी सकाळी चालवावी लागेल, साहाय्यकास जादा वेतन द्यावे लागेल. ढाल जिंकून आल्यावर छायाचित्रासाठी पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी या खर्चास अवास्तव म्हणू नये.

परवा ती विभागीय सामन्यांसाठी गेली. तिच्या निबंधवाचनाचा तास मी पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजता ठेवला आहे. अर्थात, वर्गातील इतरांना विचारूनच.